वादळाचा माग कसा काढावा?

विद्यार्थिमित्रांनो, जुन्नर आणि आंबेगाव हे आपले तालुके सह्याद्रीच्या पाठीशी वसलेले आहेत. नाणेघाटाच्या माथ्यावरून कोकण दृष्टीस पडते, परंतु समुद्र त्याहूनही पुष्कळ दूर राहतो. त्यामुळे चक्रीवादळ ही मच्छीमारांची आणि बंदरांची चिंता होय, आपल्याला तिच्याशी काय कर्तव्य, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ होती. दिनांक ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने ती खोटी ठरविली. वादळ थांबविणे मनुष्याच्या हाती नाही. त्याचा माग काढणे मात्र आहे. तो कसा काढतात हे या पाठात पाहू.

समुद्राचे पाणी सुमारे २६.५ अंश सेल्सियसहून अधिक तापले म्हणजे त्याची वाफ मोठ्या प्रमाणात वर चढते. वर गेल्यावर तिचे पाणी होते व तिच्यातील उष्णता बाहेर पडते. त्यायोगे हवा आणखी वर उचलली जाते, खालचा दाब कमी होतो आणि भोवतालची हवा तेथे धाव घेते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ही हवा सरळ न जाता वळते. आपल्या उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागते. या वेटोळ्यावरूनच हेन्री पिडिंग्टन या कलकत्त्याच्या अभ्यासकाने १८४८ साली ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ केला. त्याचे मूळ सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दात आहे. पुढे १८६४ साली कलकत्त्यावर भयंकर वादळ आले, आणि १८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली.

अरबी समुद्रात वादळे बंगालच्या उपसागराहून कमी होतात. तथापि २०१९ साली तेथे वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन अशी पाच वादळे झाली. पुढच्याच वर्षी, ३१ मे २०२० रोजी, लक्षद्वीपजवळ कमी दाबाचे क्षेत्र उमटले. १ जूनला वाऱ्याचा वेग वाढून त्याचे ‘अवदाब’ झाले. २ जूनला वेग ताशी ६२ किलोमीटरची मर्यादा ओलांडताच ते ‘चक्रीवादळ’ ठरले व त्यास बांगलादेशाने सुचविलेले ‘निसर्ग’ हे नाव मिळाले. ३ जूनच्या पहाटे ते ‘तीव्र चक्रीवादळ’ झाले. समुद्रावर असता उपग्रहाने आणि किनाऱ्याजवळ येताच मुंबई व गोवा येथील रडारांनी त्याच्यावर नजर ठेवली.

येथे दोन वेगांचा घोटाळा होऊ देऊ नये. वादळाच्या पोटात वारा ज्या वेगाने फिरतो तो एक, आणि संपूर्ण वादळ ज्या वेगाने पुढे सरकते तो दुसरा. १ जूनच्या दुपारी हे वादळ मुंबईपासून सुमारे ७०० किलोमीटर दूर होते. किनाऱ्यास पोहोचण्यास त्याला सुमारे ५० तास लागले. भागाकार केल्यास ताशी १४ किलोमीटर, म्हणजे सायकलीचीच गती येते! मात्र किनाऱ्यावर त्याच्या पोटातील वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने वाहत होता. पहिला आकडा आपणास वेळ किती आहे हे सांगतो, आणि दुसरा धोका किती आहे हे.

दुसरी गोष्ट अशी की, वादळाचा मार्ग आधी एका रेषेने सांगता येत नाही. प्रारंभीच्या अंदाजात हरिहरेश्वर ते दमण हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा किनारा धरलेला होता. वादळ प्रथम उत्तरेस सरकत होते. मग ते ईशान्येस वळले, आणि अंदाजाचा पट्टा आकुंचित होत अलिबागवर आला. ३ जूनच्या दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेस त्याने किनारा ओलांडला. म्हणून एकच बातमी ऐकून स्वस्थ बसू नये. प्रत्येक नवी बातमी मागच्या बातमीशी ताडून पाहावी.

जमिनीवर येताच वादळास वाफेचा पुरवठा तुटतो आणि डोंगररांगांच्या घर्षणाने त्याचा जोर ओसरतो. परंतु दिवा विझविल्यावर चूल लगेच थंड होत नाही, तसेच हे आहे. किनाऱ्यापासून आपला मुलूख सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटर. त्याच सायंकाळी पुणे जिल्ह्यावर असताना ते अद्याप चक्रीवादळच होते. घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले, पॉलीहाऊसांचे कागद फाटले. पश्चिमेकडील आदिवासी गावांत तर हिरड्याचा घात झाला. पावसाळ्यापूर्वी बाळहिरडा वेचून, वाळवून विकावयाचा आणि त्या पैशांवर घरखर्च भागवावयाचा, असा तेथील कुटुंबांचा क्रम. वाऱ्याने फळ तर झडलेच, शिवाय झाडेही उन्मळून पडली. फळ पुढील वर्षी येते. झाड वाढण्यास एक पिढी लागते. भरपाईसाठी या कुटुंबांना पुढे काही वर्षे मागणी करीत राहावे लागले.

हवामान खाते पूर्वसूचना टप्प्याटप्प्याने देते : सुमारे ७२ तास आधी पहिली, ४८ तास आधी दुसरी, २४ तास आधी तिसरी. चौथी सुमारे १२ तास आधी निघते व किनारा ओलांडल्यावर आतील जिल्ह्यांत काय होईल हे सांगते. ही चौथी सूचना खास आपल्यासारख्यांसाठी आहे, आणि तिच्याकडेच आपले लक्ष सर्वांत कमी असते. बारा तासांत उभे झाड वाचविता येत नाही. परंतु वाळत घातलेला हिरडा घरात आणता येतो, पत्र्यांवर वजन ठेवता येते, गुरे जुन्या झाडाखालून सोडविता येतात आणि म्हाताऱ्या माणसांस पक्क्या घरात नेता येते.

वारा जोर धरण्यापूर्वी प्रत्येकाने एक प्रयोग करावा. मोकळ्या जागी वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे व डावा हात बाजूस पसरावा. वादळाचे केंद्र साधारणपणे त्या हाताच्या दिशेस असते. दऱ्याखोऱ्यांत वारा वळतो, म्हणून खालच्या ढगांची गतीही पाहावी. वारा वाढल्यावर मात्र घरातच राहावे. एकाएकी शांतता झाली तरी बाहेर पडू नये. केंद्र माथ्यावरून जात असेल तर थोड्याच वेळात उलट दिशेचा वारा सुटतो.

अभ्यास

१. वारा ईशान्येकडून वाहत असल्यास वादळाचे केंद्र कोणत्या दिशेस असेल?

२. किनाऱ्यावरून निघालेले वादळ ताशी २५ किलोमीटर गतीने सरकले, तर आपल्या तालुक्यात किती तासांनी पोहोचेल?

३. ३ जून २०२० रोजी आपल्या घरी काय नुकसान झाले हे वडीलधाऱ्यांस विचारा. त्यांपैकी बारा तासांच्या सूचनेने काय वाचले असते, त्याची यादी करून घरात सर्वांस दिसेल अशा जागी लावा.