अभंगातील अक्षर

कीर्तनाला नव्याने उभी राहणारी मुले आम्हाला विचारतात, "महाराज, पाठ चोख आहे, मग चाल का अडखळते?" आम्ही त्यांना बोटे मोजायला लावतो. चरणात एखाद-दुसरे अक्षर गिळलेले सापडतेच.

शास्त्रात अक्षर म्हणजे स्वर, किंवा व्यंजनासहित स्वर. नुसत्या व्यंजनाला संख्या नाही. म्हणून जोडाक्षर कितीही जड असो, ते एकच. 'विठ्ठल' लिहिताना अक्षरे तीन: वि, ठ्ठ, ल. पण आपण मराठी माणसे बोलताना शेवटचा अकार सोडून देतो. विठ्-ठल्, झाली दोनच! बाजारात हे चालतं, अभंगात चालत नाही. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण ६-६ अक्षरांचे, चौथा ४ चा, एकूण २२. दोनदा 'विठ्ठल' म्हटले की सहाचा चरण भरला. बोलीप्रमाणे म्हणाल तर चारच. उरलेल्या दोन जागी काय, नुसता टाळ ऐकवायचा?

लघुगुरूची काळजी येथे नाही. वसंततिलकेच्या १४ अक्षरांत कोणते ऱ्हस्व, कोणते दीर्घ हे बांधलेले. अभंगात ऱ्हस्वही लांबवून गातात. संतांनी एवढी मोकळीक दिली, संख्या मात्र धरून ठेवली. (ज्ञानेश्वरीतील ओवीची गोष्ट निराळी, तिच्या चरणात अक्षरे कमीजास्त होतात. त्याविषयी पुन्हा केव्हातरी.)

आता नाममुद्रा पाहा. 'एका जनार्दनी' ही सहा अक्षरे. मुद्रेतच चरण संपला. 'तुका म्हणे' चारच. म्हणजे मोठ्या अभंगात तुकोबारायांना त्या चरणात उरली दोन. तेवढ्यात ते काय काय बसवतात, हे गाथा उघडून पाहावे. आम्हाला अजून नवल वाटतं.

खरी हानी होते ती 'शुद्ध' करण्याने. 'तयाचे' जुने वाटते म्हणून कुणी 'त्याचे' लिहितो. तिनाची दोन झाली. 'येऊनिया'चे 'येऊन' केले, चाराची तीन. अर्थ तोच राहतो, म्हणून डोळ्यांना चूक दिसत नाही, गळ्याला कळते. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले, न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याने संख्येला धक्का लागला नाही, कारण अनुस्वार हे वेगळे अक्षर नव्हे. शब्दाचे रूप बदलले की मात्र लागतो.

मुळातच एखादे अक्षर कमीजास्त असलेला चरण क्वचित आढळतो, नाही असे नाही. तरी वही उतरवताना पाचच भरली, तर आधी मूळ वहीशी ताडून पाहावे.