म्हातारी मनी

[मांजराचे गोजिरवाणे पिल्लू सर्वांनाच हवेसे वाटते, परंतु म्हातारे मांजर आपण होऊन घरी आणावे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. अशाच एका मांजरीची ही हकिगत एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सांगितली आहे.]

वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे आमचे गाव. शाळेच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर मी तेथील आमच्या जुन्या धाब्याच्या घरी राहावयास आलो. ओसरीला लागूनच धान्याची खोली आहे. सोयाबीन आणि तूर घरात येऊन पडली, की त्यांच्या मागोमाग उंदरांची स्वारीही येते. एके वर्षी तर त्यांनी पोती कुरतडलीच, शिवाय माझ्या पुस्तकांच्या फडताळातही प्रवेश केला! तेव्हा सहावीत शिकणारी माझी नात म्हणाली, "आबा, आपण मांजराचे पिल्लू आणू या."

शेजारच्या शहरात निराधार प्राण्यांचा एक निवारा आहे व तेथे पिल्ले मिळतात, असे ऐकले होते. एका रविवारी झाकणाची टोपली घेऊन आम्ही दोघे एसटीने तेथे गेलो.

पिल्लांच्या खोलीत मुलांची गर्दी उसळली होती. माझी नात मात्र कोपऱ्यातील एका पिंजऱ्यासमोर थबकली. आत एक करड्या रंगाची मांजरी अंग आक्रसून बसली होती. तिचा एक कान फाटलेला होता आणि अंगावरील केसांची चकाकी गेली होती. तेथील ताई म्हणाल्या, "ही मनी. वय अकरा वर्षे. एका एकट्या राहणाऱ्या आजींनी हिला वाढवले. आजी वारल्या, घर विकले गेले आणि ही रस्त्यावर आली. येथे येऊन हिला आठ महिने झाले. लोक येतात, हिच्याकडे पाहतात आणि पिल्लू घेऊन जातात."

मी नातीला हळूच म्हटले, "बाळ, मांजराचे आयुष्य साधारणपणे १२ ते १५ वर्षांचे. फार चांगली निगा राखली, तर एखादे २० वर्षांपर्यंतही जगते. ही उंदीर धरणार नाही; आणि आपल्याला लळा लागेल न लागेल, तोच ही निघून जाईल."

नात क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आबा, तुम्हीही आता शाळेत शिकवत नाही, म्हणून आम्ही तुम्हाला घराबाहेर ठेवले का?"

ताईंना हसू आवरेना. मी मात्र निरुत्तर झालो.

ताईंनी एका कागदावर माझी सही घेतली. मांजर सांभाळणे अशक्य झाले तर ते रस्त्यावर न सोडता निवाऱ्यात परत आणावे, अशी त्यात अट होती. मग त्यांनी नातीला बजावून सांगितले, "हिचे नाव बदलू नकोस. जुने घर गेले, माणूस गेले. तेवढे एक नाव हिच्या ओळखीचे उरले आहे. पहिले काही दिवस हिला एकाच खोलीत ठेव. जवळच घमेल्यात रेती ठेव. ही लपून बसली, तर ओढून बाहेर काढू नकोस. येईल तेव्हा हिला आपणहून येऊ दे."

परतीच्या प्रवासात टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या नातीने विचारले, "आबा, असे निवारे पूर्वीही होते का?"

मी तिला पांजरपोळांची माहिती सांगितली. थकलेल्या व भाकड गुराढोरांना आसरा देणाऱ्या अशा संस्था आपल्या देशात फार जुन्या आहेत. इ. स. १८३२ मध्ये मुंबईत सरकारी हुकमाने मोकाट कुत्री मारण्यात येऊ लागली, तेव्हा पारशी लोकांनी त्याविरुद्ध मोठा उठाव केला. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई आदी दानशूर व्यापाऱ्यांनी भुलेश्वर भागात पांजरपोळाची स्थापना केली. पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांचा छळ रोखणारी संस्था निघाली आणि परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. स्वतंत्र भारताने १९६० मध्ये प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा कायदा केला. पाळलेले जनावर उपाशीतापाशी तडफडेल अशा स्थितीत टाकून देणे, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. आणि १९७६ मध्ये आपल्या संविधानात नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली, त्यांत 'प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे' हेही एक कर्तव्य आहे.

"म्हणजे आज आपण आपले कर्तव्य केले!" नात आनंदाने म्हणाली.

"अजून कोठे?" मी म्हणालो. "आज नुसता आरंभ झाला आहे."

ते बोलणे लवकरच खरे ठरले. घरी येताच आजींनी कपाळाला हात लावला. "पिल्लू आणायला गेलात आणि ही म्हातारी घेऊन आलात? आता घराबाहेर पडताना ही रोज आडवी जाणार!" इकडे मनी जी फडताळाखाली शिरली, ती बाहेर येईना. रात्री सर्व निजल्यावर ती थोडेसे खाई आणि पुन्हा अंधारात जाऊन बसे. नातीने प्रेमाने तिच्यापुढे वाटीभर दूध ठेवले. ते पिऊन मनीला जुलाब सुरू झाले.

आम्ही तिला गुरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासून औषध दिले, पिसाळण्याच्या रोगावरील लस टोचली आणि म्हणाले, "मांजराला दूध फार आवडते, असे आपण समजतो, पण वाढलेल्या पुष्कळ मांजरांना ते पचत नाही. मांजर मुळात मांसाहारी आहे. नुसत्या दूधभातावर ते जगू शकत नाही. तशाने पुढे त्याची दृष्टी आणि हृदयही अधू होते."

आता मोठाच पेच पडला. आमचे घर शाकाहारी. घरी येईपर्यंत कोणीच काही बोलले नाही. मनीला परत पाठवावे लागणार, असे वाटून नातीचे डोळे भरून आले. आजी बराच वेळ माळ ओढीत बसल्या होत्या. अखेर त्या म्हणाल्या, "वाघाने गवत खावे, असे देवाने सांगितलेले नाही. तिचा आहार तिला, आपला आपल्याला. तिची थाळी परसातल्या पडवीत ठेवा. माझ्या स्वयंपाकघरात आणू नका, म्हणजे झाले." दुसऱ्या दिवसापासून मांजरांसाठी मिळणारे तयार खाद्य पडवीत ठेवले जाऊ लागले.

नात रोज संध्याकाळी त्या खोलीत बसून मोठ्याने धडे वाची. सहाव्या दिवशी ती वाचीत असता फडताळाखालून आधी मिशा दिसल्या, मग फाटका कान, आणि मग मनी संपूर्ण बाहेर आली. तिने नातीकडे पाहून सावकाश डोळे मिटले आणि सावकाश उघडले. मांजराने असे केले, की त्याची भीती गेली असे समजावे. नात जागची हलली नाही. तिने फक्त आवाज थोडा हळू केला.

खरे सांगायचे, तर मनीने आजवर दोनच उंदीर धरले. धान्यासाठी आम्हाला अखेर पत्र्याच्या कोठ्याच घ्याव्या लागल्या. तरीही ती घरात नको, असे आता कोणी म्हणत नाही. हिवाळ्यात ती आजींच्या गोधडीवर झोपते. आजी म्हणतात, "दिवसातून दहा वेळा आडवी जाते, पण माझे एकही काम अडले नाही!"

या गोष्टीला तीन वर्षे झाली. मनी आता चौदा वर्षांची आहे. तिचे दोन दात पडले आहेत आणि तिची मूत्रपिंडे दुबळी होत चालली आहेत, असे डॉक्टर सांगतात. तिने भरपूर पाणी प्यावे म्हणून नात दोन ठिकाणी मातीची भांडी भरून ठेवते. एके दिवशी मी तिला विचारले, "बाळ, मनी आता फार दिवसांची सोबतीण नाही. ती गेल्यावर तुला फार दुःख होईल ना?"

"होईल, आबा. तेव्हा मी खूप रडेन," ती म्हणाली. "पण आज तिचे पाणी बदलायचे राहिले आहे." आणि भांडे उचलून ती परसाकडे गेली. मनीही शेपटी उंचावून, सावकाश पावले टाकीत, तिच्या मागोमाग निघाली.

शब्दार्थ

धाब्याचे घर – सपाट मातीच्या छपराचे घर. फडताळ – भिंतीतील किंवा लाकडी कपाट. भाकड – दूध न देणारे (जनावर). निरुत्तर होणे – उत्तर न सुचणे. पेच – अडचण. परस – घरामागील मोकळी जागा.

स्वाध्याय

१. लोक मनीला घरी का नेत नव्हते?
२. "अजून कोठे? आज नुसता आरंभ झाला आहे," असे आजोबा का म्हणाले? पुढील कोणत्या प्रसंगांवरून ते खरे ठरले?
३. आजींच्या मनात मनीविषयी कसा बदल होत गेला, ते पाठाच्या आधारे लिहा.
४. 'तिचा आहार तिला, आपला आपल्याला' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : कपाळाला हात लावणे, लळा लागणे, डोळे भरून येणे.
६. तुमच्या परिसरातील एखाद्या थकलेल्या जनावराची काळजी कोण व कशी घेते, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.