संघमालकाची थैली आणि संघाची बांधणी

मालक श्रीमंत असेल तर हवे ते खेळाडू विकत घेऊन तो विजेतेपद मिळवू शकतो, अशी व्यावसायिक खेळांविषयी एक सर्वसाधारण समजूत आहे. अमेरिका व कॅनडा या देशांतील तीस संघांच्या नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनचा, म्हणजे एनबीएचा, गेल्या चार दशकांचा इतिहास पाहिला असता ही समजूत फारशी टिकत नाही. तेथे पैशाचे महत्त्व कमी आहे असे नव्हे. परंतु तो कोणावर व केव्हा खर्च करावयाचा, हा प्रश्न तेथे रकमेपेक्षा मोठा ठरत आला आहे.

प्रथम खेळाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. बास्केटबॉलच्या मैदानावर एका वेळी एका संघाचे केवळ पाच खेळाडू असतात आणि अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामन्यात उत्तम खेळाडू पस्तीसएक मिनिटे खेळतो. अकरा जणांच्या खेळात एका गुणी खेळाडूचा प्रभाव विभागला जातो. येथे तो दर मिनिटाला जाणवतो. त्यामुळे अशा एखाद्या खेळाडूसाठी वाटेल ते मोजण्याचा मोह प्रत्येक मालकास होतो. सर्व मालकांनी या मोहास वश व्हावयाचे ठरविले, तर लहान शहरांतील संघांना तग धरणे अशक्य होईल. १९८० च्या सुमारास परिस्थिती जवळजवळ तशीच झाली होती आणि अनेक संघ तोट्यात चालले होते.

यावर उपाय म्हणून १९८३ मध्ये मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात करार झाला. एकूण उत्पन्नातील ५३ टक्के वाट्याची हमी खेळाडूंना मिळाली. त्याच्या मोबदल्यात त्यांनी प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर मर्यादा मान्य केली. १९८४-८५ च्या हंगामात ही मर्यादा ३६ लाख डॉलर होती. मात्र ही भिंत मुद्दामच पूर्ण बांधली गेली नाही. जो खेळाडू आधीपासून आपल्याकडे आहे त्याच्याशी नवा करार करताना संघास मर्यादा ओलांडता येईल, अशी सवलत तीत ठेवण्यात आली. बॉस्टन सेल्टिक्सच्या लॅरी बर्ड या खेळाडूच्या नावाने ती ओळखली जाते. बर्ड १९९२ मध्ये निवृत्त झाला, तरी करारांच्या भाषेत त्याचे नाव अद्याप वावरते आहे.

या एका सवलतीने सगळे गणित बदलले. परका खेळाडू आणावयाचा तर मर्यादा आड येते. स्वतःचा टिकवावयाचा तर मालकाची थैली उपयोगी पडते. म्हणजेच पैशाचे खरे सामर्थ्य विकत घेण्यात नसून राखण्यात आहे. राखण्यासाठी आधी हाताशी काही असावे लागते, आणि ते मुख्यतः ‘ड्राफ्ट’ या वार्षिक निवडीतून येते. तीत नव्या खेळाडूंमधून आधी निवड करण्याची संधी साधारणपणे दुर्बल संघांस मिळते. जाणूनबुजून हरण्याची प्रवृत्ती बळावू नये म्हणून १९८५ पासून वरच्या क्रमांकांसाठी सोडत काढली जाते. ती प्रवृत्ती समूळ गेली, असे मात्र म्हणता येणार नाही.

गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाने २०२२ मध्ये विजेतेपद मिळविले, त्या हंगामात त्याने केवळ जादा वेतनखर्चावरील कर म्हणून सुमारे १७ कोटी डॉलर भरले. हे उदाहरण धनशक्तीचा पुरावा म्हणून दिले जाते. तथापि त्या संघाचे तिन्ही आधारस्तंभ, करी, थॉम्पसन व ग्रीन, २००९ ते २०१२ या काळात ड्राफ्टमधूनच आले होते आणि ग्रीनची निवड तर पस्तिसाव्या क्रमांकावर झाली होती. पैशाने त्यांना एकत्र ठेवले, निर्माण केले नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण ब्रुकलिन नेट्सचे होय, आणि ते सविस्तर पाहण्याजोगे आहे. रशियन उद्योगपती मिखाइल प्रोखोरोव्ह यांनी २०१० मध्ये हा संघ घेतला. २०१२ मध्ये तो न्यू जर्सीहून ब्रुकलिनला आला. नव्या ठिकाणी विजेतेपद तातडीने हवे होते. २०१३ च्या उन्हाळ्यात संघाने बॉस्टनकडून केव्हिन गार्नेट व पॉल पिअर्स यांना आणले. पहिला ३७ वर्षांचा होता, दुसरा ३५ वर्षांचा. मोबदल्यात २०१४, २०१६ व २०१८ या वर्षांचे पहिल्या फेरीतील निवडीचे हक्क आणि २०१७ मध्ये क्रमांकांची अदलाबदल करण्याचा अधिकार बॉस्टनला देण्यात आला. त्याच हंगामापासून जादा खर्चावरील कराचे चढते दर अमलात आले होते. पूर्वी मर्यादेपलीकडील एका डॉलरमागे एक डॉलर कर असे. आता तो दीड डॉलरपासून सुरू होऊन खर्चासोबत वाढत जाई. नेट्सना सुमारे ९ कोटी डॉलर कर पडला. संघाने ४४ सामने जिंकले आणि बाद फेरीच्या दुसऱ्या टप्प्यात तो मायामीकडून हरला. पुढच्याच वर्षी पिअर्स निघून गेला, त्यानंतर गार्नेटही.

खरी किंमत पुढे चुकवावी लागली. २०१५-१६ मध्ये नेट्सनी २१ सामने जिंकले, २०१६-१७ मध्ये २०. इतका हरणारा संघ निदान चांगल्या नवोदिताची आशा धरू शकतो. ब्रुकलिनच्या प्रेक्षकांना तेवढाही दिलासा उरला नव्हता. त्यांच्या प्रत्येक पराभवाने बॉस्टनचा लाभ वाढत होता. २०१६ च्या निवडीतून बॉस्टनला जेलन ब्राउन मिळाला. २०१७ मध्ये नेट्सच्या जागेवर पहिला क्रमांक आला. तो बॉस्टनने फिलाडेल्फियाशी बदलून घेतला आणि तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटमची निवड केली.

काटकसर हाही बिनचूक मार्ग नव्हे. ओक्लाहोमा सिटी या तुलनेने लहान शहराच्या संघाने ड्युरांट, वेस्टब्रुक व हार्डन हे तीन तरुण घडविले आणि २०१२ मध्ये अंतिम फेरी गाठली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, कराच्या भारास बिचकून, त्याने हार्डनला ह्यूस्टनकडे धाडले. पुढे हे तिघेही वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले, आणि त्यांतील हार्डनला हा मान ह्यूस्टनकडून खेळताना मिळाला. तिघांच्या संघास जे मिळू शकले असते ते मिळाले नाही. तो योग २०२५ मध्ये आला, तोही निराळ्या वाटेने. २०१९ मध्ये या संघाने पॉल जॉर्जला लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे देऊन शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पहिल्या फेरीतील निवडीचे पाच हक्क मिळविले होते. क्लिपर्सचे मालक स्टीव्ह बाल्मर हे त्या वेळी सर्व मालकांत सर्वांत धनवान मानले जात.

२०२३ च्या करारानंतर नियम अधिक कठोर झाले. ठरावीक पातळीवर खर्च गेला की आता केवळ पैसे भरून सुटका होत नाही. अदलाबदलीत दोन खेळाडूंची वेतने एकत्र करता येत नाहीत आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीतील निवडीचा हक्कही गोठविला जातो. या पातळीस ‘दुसरा ॲप्रन’ म्हणतात. ब्राउन व टेटम यांच्या बळावर बॉस्टनने २०२४ मध्ये विजेतेपद मिळविले होते. वर्षभरातच, २०२५ च्या उन्हाळ्यात, या पातळीखाली येण्यासाठी त्याच विजयातील जू हॉलिडे यास पोर्टलंडकडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस यास अटलांटाकडे पाठविण्यात आले. ब्राउन व टेटम यांना मात्र त्या उन्हाळ्यात संघातच ठेवण्यात आले.