पानाचा वास आणि मिऱ्याचा तिखटपणा

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी घरी, कोंढ्याला होतो (तालुका पवनी, जिल्हा भंडारा). घराजवळच्या पानठेल्यावरचे आबाजी चारचौघांसमोर म्हणाले, "इंजिनेर होऊन राह्यला नं तू? मंग सांग बरं, पानाले वास कायचा येते?" मी कॉन्व्हेंटचा विद्यार्थी. 'एसेन्शियल ऑइल' एवढे तोंडातून निघाले. "तेल? पानात तेल?" आबाजी म्हणाले आणि सगळा ठेला हसला. तेव्हा नीट सांगता आले नाही, म्हणून हा लेख.

नागवेल, काळी मिरी आणि पिंपळी ही एकाच कुळातली भावंडे. तिघींनाही 'पायपर' हेच आडनाव! पिंपळी आपल्या विदर्भातही होते. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीकडचे बारी शेतकरी तिला पानपिंपळी म्हणतात. तिघींत उडून जाणारे तेल असते, पण त्यातला माल वेगळा.

आधी मिरी घेऊ. तिच्यात साधारण १ ते ३ टक्के तेल असते. त्यात पायनीन, सॅबिनीन, लिमोनीन आणि कॅरिओफायलीन ही मंडळी मुख्य. यांना टर्पीन म्हणतात. फक्त कार्बन आणि हायड्रोजन, दुसरे काही नाही. गंमत अशी, की मिरीचा तिखटपणा या तेलात नसतोच! तो पायपरीन नावाच्या घन पदार्थात असतो आणि पायपरीन वाफेबरोबर उडत नाही. ते १८१९ मध्ये वेगळे काढले हान्स ख्रिश्चन ओरस्टेडने. होय, तोच, ज्याने १८२० मध्ये तारेतल्या विजेने होकायंत्राची सुई हलवून दाखवली. आपल्या मेसमधली मिरपूड आठवा. डबी कायम उघडी, त्यामुळे वास केव्हाच गेलेला, तरी ठसका लागतोच. तेल उडाले, पायपरीन राहिले.

पिंपळीचेही तसेच. तिखटपणा पायपरीनचा, तेलात मात्र कॅरिओफायलीनच्या जोडीला पेंटाडेकेन, म्हणजे पंधरा कार्बनची सरळ साखळी.

पानाचा हिशेब उलटा आहे. त्याचा वास आणि जिभेला लागणारा चटका, दोन्ही तेलातच. कारण इथे टर्पीनबरोबर फिनॉल जातीचे रेणू आहेत: युजेनॉल, चॅविकॉल आणि चॅविबेटॉल. युजेनॉल आणि चॅविबेटॉल यांचे सूत्र एकच, C च्या जागी मराठीत मोजायचे तर १० कार्बन, १२ हायड्रोजन, २ ऑक्सिजन. फक्त कड्यावरच्या दोन गटांनी जागा बदललेल्या. हे प्रमाण जातीनुसार बदलते. बंगला पानात युजेनॉल भरपूर, म्हणून ते झणझणीत. रामटेककडचे कपुरी त्या मानाने सौम्य. मिठा पानात ॲनेथॉल सापडते, म्हणजे बडीशेपेचाच रेणू.

सुटीहून आल्यावर आम्ही दोघांनी लॅबमध्ये बंगला पाने उकळली. क्लेव्हेंजरचे काचेचे उपकरण होते. युजेनॉल उकळते सुमारे २५४ अंशांना, मग १०० अंशांच्या वाफेत ते येते कसे? तर पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून दोघांच्या वाफेच्या दाबाची बेरीज होते. ती हवेच्या दाबाएवढी झाली की मिश्रण १०० च्या जरा खालीच उकळते. व्हायवाला हमखास विचारतात!

तीन तास झाले, तेल काही जमेना. पाणी दुधाळ, वास साऱ्या कॉरिडॉरमध्ये, पण नळी रिकामी. चूक आमचीच. आम्ही हलक्या तेलाची नळी लावली होती. मिरीचे तेल पाण्यावर तरंगते, पण युजेनॉलची घनता १.०६. थेंब खाली बसत होते आणि पाण्याबरोबर परत फ्लास्कमध्ये जात होते. जड तेलाची नळी लावल्यावर कुठे पिवळसर थेंब दिसले. घटक कोणते हे आधी पाहिले असते, तर तीन तास वाचले असते.

न विकलेली पाने सडून जातात. त्यांचे तेल काढायची यंत्रणा आयआयटी खरगपूरच्या कृषी अभियांत्रिकी विभागात तयार झाली आहे. पानमळेवाल्यांच्या हे कामाचे आहे.

पण एक सांगतो. आमच्या मजल्यावर काही जण "पान औषधी असते यार" म्हणत खर्रा खातात. खर्ऱ्यात पान असतेच कुठे? सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीवर घासलेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले, तंबाखू नसली तरी. युजेनॉलच्या नावावर ती खपवू नका.

होळीला घरी गेलो तेव्हा तेलाची कुपी नेली. आबाजींनी बूच काढून हुंगले. "हे तं लवंग होय!" मी म्हटले, "आबाजी, लवंगेतही हेच असते." त्यांनी हातातल्या विड्याकडे पाहिले, त्याला टोचलेली लवंग काढली, एकदा ती हुंगली, एकदा कुपी हुंगली, आणि म्हणाले, "मंग आमी दोन्ही एकाच ठिकाणी लावून राह्यलो होतो त!"