वऱ्हाडच्या काळ्या मातीत रताळी

आषाढी एकादशीच्या सुमारास लावलेला रताळ्याचा वेल, मध्ये अधिक मास न आल्यास, कार्तिकीच्या सुमारास काढणीस येतो. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा लागवडीपासून काढणीपर्यंतचे सारे काम एकाच वर्गाच्या हातून पार पडू शकते. शालेय परसबागेस इतके सोयीचे पीक दुसरे क्वचितच सापडेल.

अडचण आहे ती आपल्या जमिनीची. रताळ्यास भुसभुशीत, निचऱ्याची जमीन मानवते. अमरावती-अकोल्याची काळी माती पावसात चिकट होते व उघडीप पडताच भेगाळते. यास्तव सपाट वाफ्यात लागवड करू नये. कुजलेले शेणखत व मिळाल्यास नदीची वाळू मिसळून सुमारे एक फूट उंचीचे वरंबे घालावे. वेलाच्या शेंड्याकडील, तीन-चार डोळे असलेल्या वीतभर कांड्या घेऊन त्यांचा मधला भाग मातीत दाबावा. दोन कांड्यांत वीतभर अंतर असावे. खत बेताचेच द्यावे, नाहीतर पाला माजतो व खाली काही धरत नाही. खारपाण पट्ट्यातील शाळांनी विहिरीचे खारे पाणी न देता केवळ पावसावर पीक घ्यावे.

मातीच्या भेगांकडे विशेष लक्ष असावे. सोंड्या भुंगेरा याच वाटेने रताळ्यापर्यंत पोहोचतो. किडलेले रताळे कडू होते; ते माणसाने खाऊ नये व जनावरांसही घालू नये. दर पंधरवड्यास मुलांकडून भेगा बुजवून वेलाच्या बुडाशी मातीची भर घालून घ्यावी. त्याच वेळी वेल हलकेच उचलून फिरवावा, म्हणजे तो जागोजागी मुळे धरणार नाही. पुढील वर्षी जागा बदलावी.

काढणीच्या दिवशी वर्गपाठ आपोआपच होतो. बटाटा हे जमिनीखाली फुगलेले खोड, तर रताळे हे फुगलेले मूळ. दोन्ही शेजारी ठेवून मुलांस पाहू द्यावे. इतिहासाचाही धागा येथे आहे. उपवासाचे म्हणून आपण जे पदार्थ पुरातन समजतो, त्यांपैकी रताळे, बटाटा व भुईमूग ही तिन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील होत.

परंतु रताळे उपवासापुरतेच ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. नारिंगी गराच्या रताळ्यात ‘अ’ जीवनसत्त्व तयार करणारे द्रव्य विपुल असते. पांढऱ्या गरात ते नाममात्रच. हे जीवनसत्त्व कमी पडल्यास मुलांस रातांधळेपणा येतो. आफ्रिकेत नारिंगी रताळ्यांचा प्रसार करणाऱ्या शास्त्रज्ञांस 2016 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो याच कारणास्तव. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेचा ‘भू सोना’ हा वाण या जातीचा आहे. धारणी-चिखलदऱ्याकडील शाळांनी तर असेच बेणे मिळविण्याचा यत्न करावा. मात्र हे द्रव्य अंगी लागण्यास जेवणात थोडे तेल हवे. म्हणून रताळ्याची तेलाच्या फोडणीची भाजी बरी. कोवळ्या पाल्याचीही भाजी होते. निखाऱ्याच्या राखेत सावकाश भाजलेले रताळे अधिक गोड लागते, कारण मंद आचेवर त्यातील पिठूळ अंशाची साखर होण्यास अवधी मिळतो.

बेण्याची तजवीज काढणीच्याच दिवशी करावी. निरोगी वेलांचे शेंडे कापून शाळेतील पाण्याच्या टाकीजवळ ओलीवर लावावे. आणि उन्हाळ्याची सुटी लागताना, ज्यांच्या घरी मोरीचे सांडपाणी परसात जाते अशा दोन-तीन मुलांकडे त्यांतील काही वेल जूनपर्यंत सांभाळण्यास द्यावे.