कल्याणच्या डॉ. आनंदीबाई व स्त्रीरोगांचा अभ्यास

रोग बरा करावयाचा तर तो आधीं कळला पाहिजे, आणि तो कळावयाचा तर रोग्यानें तो बोलून दाखविला पाहिजे. ही गोष्ट इतकी उघड आहे कीं, ती लिहिण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. परंतु औषध मिळालें नाहीं म्हणून जशा कित्येक स्त्रिया दगावल्या, तशाच दुखणें कोणापाशीं सांगतां आलें नाहीं म्हणूनही दगावल्या, हें आपल्या देशाच्या इतिहासावरून दिसून येतें. ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील आमच्या वाचकांस तर या विषयाचें विशेष अगत्य असलें पाहिजे. कारण ही अडचण ओळखून ती दूर करण्याच्या हेतूनें जी तरुण स्त्री समुद्र ओलांडून गेली, ती कल्याणच्याच घराण्यांतील होती.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म 31 मार्च 1865 रोजीं झाला. माहेरचें नांव यमुना. नवव्या वर्षीं त्यांचा विवाह पोस्टखात्यांत नोकरी करणारे गोपाळराव जोशी यांच्याशीं झाला, आणि गोपाळरावांनीं त्यांस आग्रहानें शिकविलें. चौदाव्या वर्षीं त्यांस पुत्र झाला, तो अवघे दहा दिवस जगला. स्त्रियांना स्त्री-वैद्य हवी, हा विचार या दुःखांतून त्यांच्या मनांत दृढ झाला असें त्यांचे चरित्रकार सांगतात. अमेरिकेंत शिक्षणाची सोय व्हावी म्हणून गोपाळरावांनीं तेथील मिशनरी वाइल्डर यांस पत्र लिहिलें. वाइल्डर यांनीं धर्मांतराची गोष्ट काढली, ती जोशी दांपत्यास मान्य झाली नाहीं. पण तें पत्र ‘मिशनरी रिव्ह्यू’ मासिकांत छापून आलें. न्यूजर्सींतील मिसेस कार्पेंटर या बाईंच्या तें वाचनांत आलें, आणि त्या अनोळखी बाईंनीं आनंदीबाईंस आपल्या घरीं आश्रय देऊं केला.

24 फेब्रुवारी 1883 रोजीं सेरामपूर येथें, कॅरी आदि मिशनऱ्यांनीं स्थापन केलेल्या कॉलेजांत, आनंदीबाईंनीं इंग्रजींत व्याख्यान देऊन आपण कशासाठीं जात आहों हें लोकांसमोर सांगितलें. आपण हिंदु म्हणून जाणार व हिंदु म्हणूनच परत येणार, असें त्या तेथें स्पष्ट बोलल्या. आमच्यासारख्या मिशनच्या शाळेंत शिकणाऱ्यांनीं त्यांचा हा सरळपणा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. पुढें 7 एप्रिल रोजीं त्या कलकत्त्याहून निघाल्या व 4 जून रोजीं न्यूयॉर्कला पोहोंचल्या.

फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजास प्रवेशासाठीं लिहितांना त्यांनीं जें कारण दिलें, तें या लेखाचें सार आहे. आपल्या देशभगिनी पुरुष वैद्याकडून उपचार करून घेण्यापेक्षां मरण पत्करतील, म्हणून आपणांस हें शिक्षण हवें, असा त्याचा आशय होता. प्रबंधासाठींही त्यांनीं प्राचीन हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला. 11 मार्च 1886 रोजीं त्यांस एम. डी. पदवी मिळाली; त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. परंतु क्षयानें त्यांस गांठलें होतें. 26 फेब्रुवारी 1887 रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. बावीस वर्षें पुरीं होण्यास एक महिना उरला होता.

ज्या कामासाठीं एवढे कष्ट सोसले तें हातून झालेंच नाहीं, मग त्यांच्या विद्येचें फळ काय? आम्हांस असें वाटतें कीं, त्यांनीं दुखण्याच्या मुळाशीं असलेलें मौन ओळखलें, हेंच फळ. तें मौन मोडण्याचें काम पुढें इतरांनीं चालविलें. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजांतील डॉ. जेरुशा झिराड 1928 पासून 1947 पर्यंत मुंबईच्या कामा इस्पितळाच्या प्रमुख होत्या. मुंबई शहरांत बाळंतिणी कशानें मरतात याची चौकशी करून त्यांनीं 1941 सालीं अहवाल प्रसिद्ध केला. पुण्यास 1917 सालीं जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीं डॉ. खानोलकर यांच्या हाताखालीं मुंबईंत कर्करोगाचा अभ्यास केला, आणि उंदरांवर प्रयोग करून अनुवंशिकता व शरीरांतील संप्रेरकें यांचा स्तनांच्या कर्करोगाशीं असलेला संबंध शोधिला.

आतां या शास्त्रांतील एक प्रकरण विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावें. स्त्रीच्या ओटीपोटांत गर्भाशयाच्या दोन बाजूंस बदामाएवढे दोन अंडाशय असतात. मुलगी जन्मते तेव्हांच सारीं बीजें तिच्या अंडाशयांत बीजरूपानें सांठविलेलीं असतात. वयांत आल्यावर साधारणपणें दर महिन्यास एक बीज पक्व होऊन बाहेर पडतें. स्त्रीच्या शरीराची वाढ व मासिक पाळी ज्यांवर अवलंबून असते, तीं संप्रेरकें मुख्यतः येथेंच उत्पन्न होतात.

या अवयवाच्या रोगाचा इतिहासही बोधप्रद आहे. अमेरिकेंत केंटकी संस्थानांत 1809 सालीं जेन क्रॉफर्ड नांवाच्या स्त्रीचें पोट फार वाढलें. ती गरोदर आहे असा सर्वांचा समज होता. डॉ. मॅक्डॉवेल यांनीं तपासून ही अंडाशयाची गांठ आहे असें ओळखलें. ती बाई घोड्यावर बसून साठ मैल चालून त्यांच्या गांवीं आली. भूल देण्याची विद्या तेव्हां निघाली नव्हती. तशा स्थितींत डॉक्टरांनीं पोट उघडून सुमारें 22 पौंडांची गांठ काढली, आणि बाई पुढें 1842 पर्यंत जगली.

ती गांठ कर्करोगाची नव्हती. अंडाशयाचा कर्करोग याहून कपटी आहे. अंडाशय खोल जागीं असल्यामुळें आरंभीं कांहींच जाणवत नाहीं. आणि जें जाणवतें तें अगदीं सामान्य असतें. पोट फुगणें, थोडेंसें खाल्लें तरी पोट भरल्यासारखें होणें, ओटीपोटांत दुखणें आणि वारंवार लघवीस लागणें, हीं त्याचीं मुख्य लक्षणें होत. आपल्या घरांत अशा वेळीं ओवा खाऊन काम उरकण्याची रीत आहे, आणि बहुधा तेवढ्यानें बरेंही वाटतें; कारण हीं लक्षणें बहुतेक वेळां साध्या कारणांचींच असतात. परंतु तीं नवींच सुरू झालीं, आणि दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज राहिलीं, तर डॉक्टरांस दाखविण्यांत हयगय करूं नये.

यावर कोणी म्हणेल कीं, सर्व स्त्रियांची वेळोवेळीं रक्ततपासणी केली म्हणजे झालें. ही कल्पना शास्त्रज्ञांसही सुचली होती. 1981 सालीं सीए-125 नांवाच्या द्रव्याचा शोध लागला. या रोगांत तें रक्तांत पुष्कळदां वाढतें. ब्रिटनमध्यें दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर रक्ततपासणी व सोनोग्राफी यांचा दीर्घकाल प्रयोग करण्यांत आला. त्याचा निष्कर्ष 2021 सालीं प्रसिद्ध झाला. लक्षणें नसतांना अशी तपासणी केल्यानें या रोगानें होणारे मृत्यु कमी झाले नाहींत, असें त्यांत आढळलें. म्हणजे यंत्रें इतकीं वाढलीं तरी, या रोगाच्या बाबतींत पहिली सूचना अजूनही रोगी स्त्रीच्या तोंडूनच यावी लागते.

दुसरी सूचना घराण्याच्या इतिहासांतून येते. 1994 व 1995 सालीं शास्त्रज्ञांनीं ज्यांचा ठाव लाविला, त्या बीआरसीए नांवाच्या दोन जनुकांत दोष असेल, तर स्तनांचा व अंडाशयाचा कर्करोग होण्याचा संभव पुष्कळ वाढतो. हा दोष आईकडून येऊं शकतो, तसाच वडिलांकडूनही येऊं शकतो. म्हणून आजी, आत्या किंवा मावशी कोणत्या आजारानें गेली, हें मुलांस ठाऊक असणें अवश्य आहे. कित्येक घरांत ‘पोटाच्या दुखण्यानें गेली’ एवढेंच सांगून विषय बंद करितात. त्यांत मृताची अब्रू राखली असें वाटतें, पण जिवंत लेकीसुनांची माहिती हिरावली जाते.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलीनें पोटाचें किंवा पाळीचें दुखणें सांगितलें तर तिला गप्प बसवूं नये. आणि मातांनीं स्वतःचें दुखणें सणवार किंवा मुलांच्या परीक्षा संपेपर्यंत पुढें ढकलूं नये. मुलग्यांनीं हा विषय हंसण्यावारी नेऊं नये. उद्यां त्यांच्यांतलेच कोणी डॉक्टर व कोणी गृहस्थ होतील. आनंदीबाईंस जें ज्ञान मिळविण्यासाठीं जवळजवळ दोन महिने समुद्रप्रवास करावा लागला, त्याचें माहेरघर आज आपल्या रेल्वेच्या वाटेवरच आहे. 1941 सालीं सुरू झालेलें टाटा स्मारक रुग्णालय परळला आहे, आणि प्रजनन व बालस्वास्थ्य यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही परळलाच आहे. कल्याणहून लोकलनें तेथें जाऊन त्याच दिवशीं घरीं परततां येतें. तेथें उपचार घेण्यास जावें लागलें तर वेळेवर जावें. आणि आमच्या शाळेंतील कांहीं मुलींनीं व मुलांनीं पुढें तेथें संशोधक म्हणून जावें, अशी आमची मनःपूर्वक इच्छा आहे.