वैद्यकीय भत्ता घ्यावा की विमा?

कर्जत-राशीन भागातील अनेक तरुण पुणे, रांजणगाव, सुपे येथील कारखान्यांत नोकरीस आहेत. पगारपत्रकात 'वैद्यकीय भत्ता' दिसला की आजारपणाची सोय झाली, असा घरच्यांचा समज होतो. तो बरोबर नाही.

दरमहा ठरावीक मिळणारा भत्ता हा पगारच होय व तो करपात्र असतो. औषधांची बिले दाखवून वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत मिळणारी करसवलतही १ एप्रिल २०१८ पासून बंद झाली. तिच्या जागी सर्व पगारदारांना प्रमाणित वजावट मिळू लागली.

समजा, भत्ता दरमहा १,००० रुपये आहे. ज्याला २० टक्के दराने कर लागतो, त्याला वर्षाच्या १२,००० रुपयांवर उपकरासह २,४९६ रुपये कर पडतो. तीच रक्कम मालकाने सामूहिक आरोग्य विम्याच्या हप्त्यापोटी भरल्यास कामगाराला त्यावर कर नाही.

ज्यांना कर लागतच नाही, त्यांनीही विचार करावा. भत्ता किराणा-दूधात संपतो आणि शस्त्रक्रियेच्या वेळी हात पसरावे लागतात. वेतन २१,००० रुपयांपर्यंत असल्यास कर्मचारी राज्य विमा योजनेत आपले नाव आहे का, ते पाहावे. २०,००० रुपये वेतनावर कामगाराचे १५० व मालकाचे ६५० रुपये दरमहा भरले जातात.

नोकरी धरताना तीन गोष्टी विचाराव्यात: विमा किती रकमेचा? आई-वडील त्यात आहेत का? नोकरी सुटल्यास पुढे काय? विमापत्राची एक प्रत गावी घरात ठेवावी.